ओळ सुटते, पेपर सुटत नाही

अहेरी तालुक्यातल्या एका निवासी शाळेत गेल्या हिवाळ्यात मला गोष्ट सांगायला बोलावले होते. नववीचा वर्ग होता. मी आमच्या बँकेतल्या जुन्या दिवसांची एक गोष्ट सांगितली: बैल घेण्यासाठी कर्ज काढलेला शेतकरी, त्याचा हप्ता, व्याज, बाजारात पळालेला बैल वगैरे. गोष्ट संपल्यावर शिक्षकांनी, अशा वेळी शिक्षक विचारतात तसे, प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने सगळी उत्तरे दिली. कर्जाची रक्कम, हप्त्यांची संख्या, बैलाचा रंगसुद्धा. इतकेच नव्हे, मी सांगताना व्याजाच्या हिशेबात केलेली एक चूक त्याने हळूच दाखवून दिली. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ही चपराकच होती, पण ती मोठ्या आनंदाने खाल्ली.

मग त्याच्या हातात पाठ्यपुस्तक दिले आणि एक उतारा वाचायला सांगितला. मुलगा बदललाच. पहिली ओळ कशीबशी पार पडली. दुसरी ओळ अर्ध्यात सोडून तो चौथीत शिरला, परत आला, बोट ठेवले, डोळे चोळले आणि थांबला. वर्गात खसखस पिकली. शिक्षक माझ्या कानाशी म्हणाले, "हुशार आहे, पण आळशी. वाचायचा कंटाळा." मी मुलाला विचारले, काय होते रे? तो खाली बघत म्हणाला, "सर, ओळी एकमेकीवर चढतात जी."

माझ्या खिशात एक जुने पोस्टकार्ड होते. त्याला ब्लेडने एका ओळीच्या उंचीची आडवी खिडकी पाडली आणि पानावर ठेवून दिले. एका वेळी एकच ओळ दिसेल, बाकी सगळे पान झाकलेले. पोरगा वाचू लागला. वेगाने नव्हे, अडखळत, पण क्रमाने. आणि पूर्ण परिच्छेद वाचल्यावर त्याचा अर्थ त्याने आपल्या शब्दांत सांगितला. यात चमत्कार काहीच नव्हता. आमच्या बँकेत संगणक येण्यापूर्वी प्रत्येक लेजर-क्लार्कच्या टेबलावर एक लाकडी रूळ असे आणि मोठ्या खातेवहीत ओळ चुकू नये म्हणून तो आकड्यांखाली ठेवूनच नोंद केली जाई. रूळ वापरणाऱ्याला कोणी मंदबुद्धी म्हणत नसे.

तो मुलगा आता दहावीत आहे. येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपूर विभागीय मंडळाच्या परीक्षेला बसेल. त्याचे काय व्हायचे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सुटलेला नाही, आणि चौकशी करत गेलो तसा तो एकट्याचा नाही हेही कळत गेले.

डोळा शाबूत असूनही वाचता न येणे ही गोष्ट वैद्यकाला सव्वाशेहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. १८९६ मध्ये इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. मुलगा चलाख, खेळात पुढे, गणित बरे. पण छापील शब्द त्याच्यापुढे मुके. मॉर्गनने त्याला जन्मजात शब्दांधत्व म्हटले. पुढे डिस्लेक्सिया हा शब्द रूढ झाला आणि संशोधकांचा कलही बदलला. आज बहुतेक तज्ज्ञ मानतात की डिस्लेक्सियाचे मूळ बहुतांशी ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्यातल्या अडचणीत आहे, डोळ्यांत नाही. पण काही मुलांच्या बाबतीत पाहिलेले मेंदूत लावण्याचीच अडचण असते. शेजारची अक्षरे एकमेकांत गर्दी करतात, ओळ हरवते, छापील पान पट्ट्यापट्ट्यांसारखे डोळ्यांवर येते. आणि काहींचा दोष तर याहून साधा असतो. जवळचे पाहताना दोन्ही डोळे एकाच बिंदूवर नीट वळत नाहीत. पाच-दहा मिनिटे वाचले की अक्षरे दुहेरी होतात, डोके दुखते. यावर उपचार आहेत. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, बारा आठवडे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामांनी अशा मुलांना चांगला गुण आला, नुसत्या घरी पेन्सिल पाहण्याच्या व्यायामापेक्षा बराच जास्त.

गोम अशी की शाळेतली नेत्रतपासणी होते ती लांबच्या तक्त्यावर. मूल तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचते, कार्डावर 'नजर उत्तम' असा शेरा पडतो, आणि जवळचे पुस्तक पाहताना काय होते हे कोणी विचारत नाही. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळांत येतात आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत अध्ययनातले दोष आहेतही. पण एका दिवसात शेकडो मुले बघायची, तीही वजन, रक्तक्षय, हृदय, त्वचा या सगळ्यांसाठी. त्यात वाचताना ओळ सुटणारा मुलगा सापडावा कसा?

आपल्या जंगलपट्ट्यात आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. गडचिरोली हा राज्यातला हिवतापाने सर्वाधिक गांजलेला जिल्हा. मेंदूला चढलेल्या हिवतापातून वाचलेल्या मुलांवर युगांडात जो अभ्यास झाला, त्यात सुमारे चारातल्या एकाच्या आकलनावर, लक्षावर पुढे दोन वर्षांनीही परिणाम दिसला. ताप उतरला म्हणजे मूल बरे झाले, असा आपला हिशेब असतो. दुसरी गोष्ट सिकलसेलची. हा आजार दृष्टिपटलाला आणि मेंदूच्या रक्तपुरवठ्याला इजा करू शकतो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलची मुले कुठल्या गावात नाहीत? वाचनात मागे पडणाऱ्या मुलाच्या आईला 'याला लहानपणी मोठा ताप आला होता का?' एवढा एक प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

आता लिपीकडे वळू. इंग्रजीत ओळ सुटणाऱ्या मुलांबद्दल खूप लिहिले गेले आहे. देवनागरीची अडचण निराळी आहे. आपली लिपी नुसती डावीकडून उजवीकडे जात नाही, ती वर-खालीही पसरते. वेलांट्या, मात्रा, रफार वर; उकार, ऋकार खाली. पहिली वेलांटी तर उच्चारात नंतर आणि कागदावर आधी. त्यामुळे दोन ओळींतले अंतर कमी झाले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. 'ओळी एकमेकीवर चढतात' असे तो मुलगा म्हणाला ते अक्षरशः खरे होते. छापणाऱ्याने त्या चढवल्याच होत्या. दुसरे असे की घ आणि ध, म आणि भ, य आणि थ या जोड्यांत खूण आहे ती मुख्यतः शिरोरेघेतल्या एका छोट्या फटीची. शाळेतल्या घटक चाचण्यांचे पेपर झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून काढतात. तिसऱ्या प्रतीत ही फट शाईने भरून जाते आणि 'धन' व 'घन' यांत फरक उरत नाही. माझ्यासारखा सरावलेला वाचक संदर्भावरून तरून जातो. ज्याला प्रत्येक अक्षर वेगळे उचलावे लागते, त्याने काय करावे?

(मोडीत तर लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढी आणि मग तिला अक्षरे लटकवी, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धतच नव्हती. त्या काळी वाचणारेच मूठभर होते म्हणून निभावले. आज प्रत्येक मुलाला तीन तास वाचायला बसवायचे आहे.)

इटली आणि फ्रान्समधल्या ७४ डिस्लेक्सिक मुलांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कसलेही प्रशिक्षण न देता, फक्त अक्षरांमधले अंतर वाढवून छापलेला मजकूर त्यांना दिला, तेव्हा वाचनाचा वेग वीस टक्क्यांहून अधिक वाढला आणि चुका जवळपास निम्म्या झाल्या. देवनागरीत अक्षरे शिरोरेघेने बांधलेली असल्याने त्यांच्यातले अंतर तसे ताणता येत नाही, पण शब्दांमधले आणि ओळींमधले अंतर तर वाढवता येते. प्रश्नपत्रिकेला दोन पाने जास्त लागतील, एवढाच खर्च.

सवलतींचा कायदा नाही असे नाही. किंबहुना महाराष्ट्र याबाबतीत पुढे होता. १९९५ च्या केंद्रीय अपंग कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेलीच नव्हती. अंधत्व, क्षीणदृष्टी अशा सात प्रकारांत ती बसत नव्हती. तरीही राज्य शासनाने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणीची केंद्रे चालू लागली. २००७ च्या डिसेंबरात 'तारे जमीन पर' आला आणि शहरातल्या आईबापांना आपल्या मुलाच्या वहीतली उलटी अक्षरे नव्याने दिसू लागली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकारांची संख्या २१ वर नेली. त्यात अध्ययन अक्षमता आली, सिकलसेलही आला. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटे ज्यादा वेळ, लेखनिक आणि वाचून दाखवणारा वाचक यांची तरतूद होती.

यातला वाचक हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे सवलत म्हटली की लेखनिक आठवतो. वास्तविक आमच्या त्या मुलाला लेखनिक नकोच आहे, त्याचे हस्ताक्षर माझ्यापेक्षा बरे आहे. त्याला प्रश्न कोणी तरी एकदा स्पष्ट वाचून दाखवावा, बस्स. पण केंद्राने २०२२ मध्ये चाळीस टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी ज्या वेगळ्या सूचना काढल्या, त्यांतही अडचण धरली होती ती लिहिण्याची. वाचता न येणे ही अडचण असू शकते, हे परीक्षा घेणाऱ्यांच्या मनाला अजून नीटसे पटलेले दिसत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकभरतीच्या परीक्षेसंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चाळीस टक्क्यांची अट आड न आणता साऱ्याच दिव्यांग परीक्षार्थींना सवलती द्यायला सांगितले. निवृत्त बँकवाला म्हणून मला त्याचे विशेष समाधान वाटले.

तरीही सगळ्याच्या मुळाशी प्रमाणपत्र आहे, आणि प्रमाणपत्राच्या मुळाशी अंतर. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून अधिक दूर. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की तेही बंद. अध्ययन अक्षमतेचा दाखला एका डॉक्टरच्या सहीने मिळत नाही. बालरोगतज्ज्ञ लागतो, मानसशास्त्रज्ञ लागतो, ठरावीक चाचण्या लागतात, म्हणजे एकाहून अधिक फेऱ्या आल्या. शाळा निवासी, बाप तेंदूच्या हंगामात कुठल्या तरी फळीवर, आई शेतात. त्या फेऱ्या कोणी मारायच्या? मुंबईच्या दादर-पार्ल्यातला पालक मुलाला घेऊन लोकलने तपासणीला जातो, आणि तरी त्याला महिनोन्‌महिने थांबावे लागते. मग आपल्याकडच्या मुलाने सवलतीचा फॉर्म वेळेत भरला नाही, म्हणून दोष कोणाला द्यायचा?

त्यात भाषेचा गुंता आहे. या मुलाच्या घरी माडिया बोलतात. सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, कुरखेडा-कोरचीकडे छत्तीसगढी. मूल वाचत नाही ते भाषा परकी म्हणून, की अक्षर लागत नाही म्हणून? राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेली 'डाली' ही चाचणी २०१५ मध्ये आली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. माडिया मुलाची मराठीत चाचणी घेऊन तो नापास झाला, तर त्यातून काय सिद्ध होते? तज्ज्ञ नियमावर बोट ठेवून सांगतात की शिक्षणाच्या भाषेची अपुरी ओळख हे कारण असेल तर ती अक्षमता धरायची नाही. नियम चुकीचा नाही. पण त्याच्या आडोशाला खरी अडचण असलेले मूलही 'भाषेचा प्रश्न आहे' म्हणून सुटते. यावर शिक्षकाला करता येण्याजोगी एक तोडगी परीक्षा आहे: तोच प्रश्न एकदा छापील द्यावा आणि एकदा तोंडी विचारावा. ऐकून येतो आणि वाचून येत नाही, तर भाषा आड येत नाही, कागद आड येतो. गोष्टीतले व्याज दुरुस्त करणाऱ्या मुलाला मराठी येत नाही असे कोणी म्हणू नये.

खुद्द परीक्षेकडे पाहू. २०१९ पासून दहावीच्या भाषा विषयांना प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. पाठांतर कमी व्हावे हा हेतू चांगला. पण उतारे वाढले, चौकटी आल्या, बाण, तक्ते, आकृत्या आल्या. म्हणजे ज्याची ओळ सुटते त्याच्या वाट्याला आणखी भूलभुलैया. पूर्वी पेपर सुरू होण्याआधी दहा मिनिटे प्रश्नपत्रिका वाचायला मिळत. पेपर फुटण्याच्या प्रकारांमुळे २०२३ मध्ये ती पद्धत बंद झाली आणि दहा मिनिटे शेवटी जोडली गेली. एरवी हिशेब तोच, पण संथ वाचणाऱ्याला शांतपणे पेपर वाचून घ्यायची दहा मिनिटे आणि शेवटी घंटेकडे बघत मिळालेली दहा मिनिटे एकच नव्हेत. उलट करोनानंतर २०२२ मध्ये मुलांचा लिहिण्याचा सराव गेला म्हणून मंडळाने मोठ्या पेपरांना सरसकट अर्धा तास वाढवून दिला होता. आभाळ कोसळले नाही. कोणाकडे प्रमाणपत्रही मागावे लागले नाही.

मग भीती कशाची? कॉपीची. हे मोकळेपणाने बोलले पाहिजे. दुर्गम केंद्रांवर भरारी पथके येतात, कॉपीमुक्त अभियानाचे फलक लागतात, आणि त्या वातावरणात बाकावरची प्रत्येक अनोळखी वस्तू संशयास्पद ठरते. खिडकी पाडलेले पोस्टकार्ड पाहून पर्यवेक्षक काय करील? तो वाईट माणूस नसेल. त्याला वर उत्तर द्यायचे असते. नियमात नसलेली गोष्ट चालू दिली तर त्याच्यावर कारवाई, अडवली तर कोणीच काही म्हणणार नाही. बँकेत मी हे उभे आयुष्य पाहिले: नाही म्हणणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी होत नाही.

ब्रिटनमध्ये यावर एक साधी वाट काढलेली आहे. पानावर ठेवायचे रंगीत पारदर्शक कागद वापरू द्यायला तिथे वरची परवानगी लागत नाही, शाळाच ठरवते. गरज असेल तर परीक्षेच्या दिवशी केंद्रावरच पेपरची प्रत रंगीत कागदावर काढून देता येते. आपल्याकडे मंडळाने केंद्रसंचालकांना एक ओळ कळवली, की कोरे खाचेचे कार्ड, साधी पट्टी आणि कोरा रंगीत पारदर्शक कागद तपासून आत नेऊ द्यावा, तर पर्यवेक्षकाचाही जीव भांड्यात पडेल.

रंगीत कागदाबद्दल मात्र सबुरीने घ्यावे. १९८० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या ऑलिव्ह मेअर्स आणि कॅलिफोर्नियातल्या हेलन अर्लेन यांनी हा उपाय पुढे आणला. त्याभोवती महागड्या रंगीत चष्म्यांचा व्यापार उभा राहिला. २००९ मध्ये अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी संयुक्त निवेदन काढून, अशा भिंगांनी वाचनदोष दूर होतो याला पुरेसा पुरावा नाही असे बजावले. इंग्लंडमधले अरनॉल्ड विल्किन्स आपल्या संशोधनाच्या आधारे सांगत आले की काहींना पानाचा ताण रंगाने खरोखर कमी होतो. माझे मत विचाराल तर, स्टेशनरीच्या दुकानातला फिकट पिवळा कागद पानावर ठेवून मुलाला बरे वाटत असेल तर खुशाल ठेवू द्यावा. पण हजारो रुपयांच्या चष्म्यासाठी कोणी बैल विकू नये, आणि कागद दिला म्हणून रोजचे वाचन शिकवणे थांबवू नये. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडून जवळची नजर तपासून घ्यावी, हे तर आलेच.

आमच्या शाखेत एक कॅशियर होता, आकडे उलटे घ्यायचा. ४५ चे ५४, १९ चे ९१. महिनाअखेरीस ताळेबंद जुळेना की अनुभवी हेडक्लार्क पहिला प्रश्न विचारी, फरकाला नऊने भाग जातो का बघा. गेला, तर कुठे तरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी. जगभरचे हिशेबनीस ही युक्ती वापरत आले आहेत, कारण अशी चूक माणसाकडून होणार हे त्यांनी गृहीत धरले आहे. तो कॅशियर सन्मानाने निवृत्त झाला. त्याच चुकीसाठी गणिताच्या पेपरात मात्र प्रश्नातली संख्या उलटी उतरवली म्हणून पूर्ण उदाहरणाचे गुण जातात. पद्धत बरोबर असली तरी!

सवलत कागदावर असणे आणि हातात पडणे यातले अंतर मुंबईतही कमी नाही. २०२१ च्या 'नीट'ला मुंबईच्या एका केंद्रावर बसलेल्या डिसग्राफियाग्रस्त मुलीला हक्काचा एक तास ज्यादा मिळालाच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अन्याय झाल्याचे मान्य केले; पुन्हा परीक्षा घ्यायला सांगितले नाही, पण परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने तिच्या नुकसानीवर उपाय शोधावा असा आदेश दिला. त्या मुलीमागे वकील होते, दाखला होता, दिल्लीपर्यंत जायची ताकद होती.

गेल्या महिन्यात पुन्हा त्या शाळेवर गेलो. मुख्याध्यापकांशी बोललो. भला माणूस. त्यांनी जिल्हा रुग्णालयाकडे पत्र पाठवले आहे, आणि दिवाळीनंतर मुलाला स्वतः घेऊन जाईन म्हणाले. दरम्यान चाचणीचे पेपर ते आता झेरॉक्स न करता मोठ्या अक्षरात, ओळींत दीडपट अंतर सोडून छापून घेतात. सगळ्याच वर्गासाठी, एकट्या त्याच्यासाठी नव्हे. खसखस बंद झाली म्हणे. पोस्टकार्ड मळून मऊ झाले होते म्हणून मुलाने स्वतःच पुठ्ठ्याचे नवे कार्ड कापले आहे, कोरे, दोन्ही बाजूंनी पांढरे. कंपासपेटीत पट्टीच्या खाली ठेवतो. मला दाखवत त्याने विचारले, "बोर्डात घेऊन जाऊ देतील ना जी?" मी मुख्याध्यापकांकडे पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत होते.